पलूसकडचे पुन्हा पेटलेले गुऱ्हाळ : ढेप, काकवी आणि काही स्पष्ट सूचना

कराडहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, किर्लोस्करवाडीच्या अलीकडे, उसाच्या फडांत एक जुने गुऱ्हाळघर आहे. एका शेतकरी कुटुंबाच्या मळ्यातले हे गुऱ्हाळ दोन दशकांहून अधिक काळ बंद होते. आता घरातल्या तिसऱ्या पिढीने ते पुन्हा पेटवले असून दिवाळीनंतर लागलेले चुलवाण, म्हणजे रस आटवण्याची मोठी चूल, होळीच्या आसपास विझते. घरच्यांना आपले नाव छापून यायला नको आहे, म्हणून ते येथे देत नाही. येथील गूळ आणि काकवी आमच्या सांगलीच्या घरात रोजच्या स्वयंपाकात आहेत, आणि आधण, म्हणजे एका वेळी आटवलेला रस, उतरताना मी काहिलीजवळ (रस आटवण्याच्या मोठ्या कढईजवळ) उभी राहून ते पाहिलेही आहे. निर्णय आधीच सांगते. या भागात आज विकत मिळणाऱ्या गुळात मला येथील ढेप सर्वांत चांगली वाटते, आणि तिचे चांगलेपण रंगात नाही. रंगावर बोली लागणाऱ्या बाजारात ही ढेप मागेच पडेल.

गुऱ्हाळघराच्या भिंतीवर अडत्याची एक जुनी पट्टी (गूळविक्रीची पावती) काचेत बसवून लावलेली आहे. तिच्यावर गावाच्या नावापुढे ‘जि. दक्षिण सातारा’ असे लिहिलेले आहे. सांगली जिल्ह्याला ते नाव १९४९ ते १९६० या काळात होते, त्यामुळे या मळ्यातला गूळ निदान तेव्हापासून सांगलीच्या पेठेत जात होता एवढे त्या कागदावरून निश्चित होते. पुढे कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊसतोड, वाहतूक आणि पैसे या तिन्ही गोष्टींची जबाबदारी कारखान्याने घेतल्यावर स्वतः माणसे जमवून, रात्री जागून, बाजारभावाच्या भरवशावर गूळ करण्याचे कारण अनेक घरांना उरले नाही. उरलेल्या गुऱ्हाळांपैकी काही मजूर न मिळाल्याने बंद पडली आणि काहींनी बाजाराच्या मागणीपुढे मान तुकवून आपली रीतच बदलली. या कुटुंबाने तसा, रंगासाठी रसायन घातलेला गूळ करण्याऐवजी चुलवाण थंड ठेवणे पसंत केले. त्या निर्णयाचे मोल आजचा गूळ चाखताना कळते.

पुनरुज्जीवन म्हटले की सगळे जुने जसेच्या तसे परत आणायचे, असा एक भाबडा समज असतो. या घराने तो मानला नाही, हे मला फार आवडले. बैलांनी फिरवायचा तीन लाटांचा (रुळांचा) उभा लोखंडी चरक अंगणात जपून ठेवला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या ज्या माळावर आपला कारखाना वसवला तो येथून हाकेच्या अंतरावर. लोखंडी नांगराबरोबर उसाचे चरकही तेथे तयार होत, त्यामुळे या परिसरातल्या जुन्या मळ्यांत असे चरक दिसणे नवलाचे नाही. शेजारी कूपरचे डिझेल इंजिनही आहे. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या कारखान्यातले हे इंजिन एके काळी या भागातल्या विहिरी आणि गुऱ्हाळे दोन्ही चालवीत असे. ही दोन्ही यंत्रे पाहण्यापुरतीच आहेत. रस काढण्यासाठी आता विजेवर चालणारा आडवा चरक आहे, कारण उभ्या चरकातून निघालेल्या चिपाडात रस जास्त राहतो आणि ते चिपाड नीट वाळतही नाही. जुनी लोखंडी काहील गंजून पातळ झाली होती, म्हणून तिच्या जागी स्टेनलेस स्टीलची काहील बसवली आहे. जुने टिकवले ते मात्र सगळे महत्त्वाचे आहे: चुलवाणाची बांधणी, रानभेंडी, गूळ गार करण्याचा वाफा, आणि आधण केव्हा उतरवायचे ते डोळ्याने व बोटाने ठरवणारा गुळव्या.

गुळाची खरी सुरुवात काहिलीत होत नाही, रानात होते. या कुटुंबाची जमीन दोन ठिकाणी आहे. एक तुकडा नदीकडच्या काळ्या रानात आणि दुसरा माळाकडच्या मुरमाड, निचऱ्याच्या रानात. दोन्हीकडे ऊस को ८६०३२ जातीचाच आहे. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या संशोधन केंद्रातून १९९६ मध्ये प्रसारित झालेली ही जात शेतकरी ‘नीरा’ या नावानेही ओळखतात. जात एक असूनही दोन रानांच्या ढेपा वेगळ्या लागतात. पाणी आणि खत अतोनात दिल्यामुळे पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतल्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि क्षार उसात उतरला की गुळाला खारट कड येते. या घरच्या काळ्या रानातला गूळ खारट नाही, पण त्याच्या शेवटाला क्षाराची अगदी पुसट जाणीव होते. माळाकडचा गूळ स्वच्छ गोड, कणीदार आणि थोडा फिकट असतो. नत्र जास्त झाले तर गूळ काळवंडतो आणि नीट बसत नाही, त्यामुळे गुळासाठी राखलेल्या फडाला शेवटचे काही महिने युरिया दाखवायचा नाही, असा येथे नियम आहे. ऊस पूर्ण पक्व झाल्याशिवाय कोयता लावत नाहीत आणि तोडलेला ऊस दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवत नाहीत. तोडून पडलेल्या उसातली साखर फुटू लागते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढतात, आणि अशा रसाचा गूळ मऊ, चिकट राहतो. कारखान्याच्या काट्यावर रांगेत वाळणाऱ्या ट्रॉल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या एका नियमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

रस गाळून काहिलीत आला की पुढचे दोन-अडीच ते तीन तास गुळव्याचे असतात. येथील गुळव्यांना सगळे तात्या म्हणतात. तरुणपणी त्यांनी याच चुलवाणावर काम शिकले होते. गुऱ्हाळ बंद झाल्यावर ते कराडकडच्या गुऱ्हाळांवर हंगामी कामाला जात राहिले, आणि त्यांना परत बोलावता आले म्हणूनच हे गुऱ्हाळ पुन्हा सुरू होऊ शकले, असे मालकही मोकळेपणाने सांगतात. उसाचा रस आंबटसर असतो. त्यात चुन्याची निवळी किती घालायची हे रसाचा रंग आणि जिभेवरची चव पाहून तात्या ठरवतात. चुना कमी पडला तर साखर फुटून गूळ ढिला होतो, जास्त पडला तर गूळ काळा आणि चवीला उग्र होतो. मग भेंडीची पाळी येते. बांधावर लावलेल्या रानभेंडीचे खोड आणि मुळे ठेचून पाण्यात भिजवतात आणि हाताने चोळून तिचा बुळबुळीत रस काढतात. तो काहिलीत सोडला की रसातला गाळ, मेण आणि हिरवट द्रव्ये त्या चिकट रसाला धरून वर येऊ लागतात. उकळी फुटण्याआधी ही मळी जाड सायीसारखी वर जमते आणि ती झाऱ्याने पूर्ण काढून घेतल्याशिवाय जाळ वाढवायचा नसतो. एकदा रस खळखळू लागला की राहिलेली मळी त्यातच फुटून मिसळते आणि तो गूळ कितीही आटवला तरी गढूळच राहतो. मळी काढण्याच्या या वेळी काहिलीभोवतीचे एकही माणूस बोलत नव्हते. घाई करणाऱ्या ग्राहकाला बाहेर थांबायला सांगण्याइतके हे घर या कामाला मानते.

चुलवाणात फक्त वाळलेले चिपाड आणि पाचट जाते. जाळ सारणाऱ्याला गुळव्याच्या खुणेवर जाळ वाढवावा आणि ओढावा लागतो, कारण आधणाच्या शेवटी पाक करपायला काही क्षणही पुरतात. फेस उतू जाऊ लागला की शेंगतेलाचे काही थेंब टाकतात आणि तो जागीच बसतो. पाक साधारण १०५-१०६ अंशांवर आला की काकवी होते. ढेपेसाठी तो ११८ अंशांच्या आसपास न्यावा लागतो. गुऱ्हाळात एक तापमापक टांगलेला आहे आणि मालकांचा मुलगा त्याच्यावरून नोंदी ठेवतो, पण आधण उतरवण्याचा शब्द तात्यांचाच. ते पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतात, बोटांनी त्याची गोळी करतात आणि ती गोळी भांड्यावर आपटून तिचा आवाज ऐकतात. मुलाच्या वहीतल्या नोंदी आणि तात्यांचा शब्द यांत फारसे अंतर पडत नाही. मात्र ढगाळ हवेत किंवा खोडव्याच्या (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या) रसात ते पडते, आणि तेव्हा गूळ तात्यांच्या शब्दाने चांगला होतो, असे तो मुलगाच सांगतो. ती वही पुढे फार उपयोगी पडेल असे मला वाटते.

आता रंगाविषयी, कारण या घराने गुऱ्हाळ इतकी वर्षे बंद ठेवले त्याचे मूळ तेथेच आहे. गुळाचा सौदा होतो तेव्हा खरेदीदार ढेप फोडून पाहतो आणि पिवळ्याधमक ढेपेला बोली जास्त लागते. शेतकऱ्याने वर्षभर राबून आणलेल्या मालाची किंमत अशी काही क्षणांत, डोळ्याने ठरते. तो पिवळेपणा आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे हायड्रॉस, म्हणजेच सोडिअम हायड्रोसल्फाइट. काहिलीत टाकताच पाक झळझळीत होतो. ही झळाळी टिकत नाही. साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो, आणि गंधकाचा अंश मात्र त्यात राहतो. गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला कायद्याने मर्यादा घातलेली आहे, पण गल्लीतल्या दुकानात कागदात बांधून दिलेल्या गुळाची तपासणी कोण करणार? दुसरी भेसळ साखरेचीच. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये साखरेचा किमान विक्रीदर किलोला ३१ रुपये केला. दुसरीकडे उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. एक किलो गुळाला नऊ ते दहा किलो ऊस लागतो असे धरले तर नुसत्या उसाचेच साधारण ३२ ते साडेपस्तीस रुपये होतात, आणि त्यात अजून गुळव्या, जाळवाला, चरकावरची माणसे, वीज आणि बांधणी यांतले काहीच आलेले नसते. हा हिशेब एकदा मांडला की बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पिवळ्या गुळाकडे मी विश्वासाने पाहू शकत नाही, आणि या गुऱ्हाळाचा दर पेठेतल्या साध्या गुळाच्या दुपटीच्या जवळ जातो याची तक्रारही करू शकत नाही.

ढेपेविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. तिचा रंग तांबूस तपकिरी असून माळाकडची ढेप त्यात थोडी सोनेरी असते. फोडल्यावर आतली कणी चमकते आणि तुकडा हाताला चिकटत नाही. तोंडात टाकला की आधी उसाच्या रसाचा ताजा वास येतो, मग गोडी, आणि शेवटी भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारी एक खमंग चव मागे राहते. पेठेतला पिवळा गूळ त्याच वेळी शेजारी ठेवून चाखला, तर तो गोड आहे एवढेच सांगता येते. पाण्यात विरघळवल्यावर तळाला बारीक गाळ राहतो, तो मात्र येथेही आहे, आणि पुरणासाठी गूळ गाळून घ्यावा असे मी सुचवीन.

स्वयंपाकात या ढेपेचे गुण ठळक होतात. संक्रांतीच्या गुळपोळीत सारण कडेपर्यंत पसरले, फुटून तव्यावर आले नाही, आणि पोळ्या चार दिवसांनीही खुसखुशीत होत्या. पुरण नेहमीपेक्षा गडद दिसते, त्यामुळे पाहुण्यांना आधी सांगावे लागते, पण कटाच्या आमटीला त्याने आलेली चव आमच्या घरी सर्वांनी वाखाणली. खपली गव्हाच्या खिरीत मला हा गूळ सर्वांत जास्त आवडला. खपलीचा गहू स्वतःच इतका चवदार असतो की त्याला नुसता गोडपणा पुरत नाही, तोलाची साथ लागते. खिरीत दूध घालताना ती थोडी निवू द्यावी, नाहीतर कोणत्याही गुळाने दूध फाटण्याची भीती असते, आणि हा गूळ त्याला अपवाद नाही. शेंगदाण्याच्या चिक्कीसाठी मात्र येथील नेहमीची ढेप योग्य नाही. तिचा पाक पुरेसा कडक होत नाही. चिक्कीसाठी जास्त आटवलेला वेगळा गूळ मागितला तर पुढच्या आधणातून करून देतात.

काकवी हा येथील सर्वांत उत्तम जिन्नस आहे. पूर्वी प्रत्येक मळ्यात आधणातली थोडी काकवी घरासाठी काढून ठेवत आणि ती ज्वारीच्या भाकरीबरोबर किंवा तूप घालून गरम चपातीबरोबर खात. बाजारात तिला कधी फारशी किंमत नव्हती, म्हणून गुऱ्हाळे बंद पडली तेव्हा ती सर्वांत आधी घराघरांतून गेली. आज बाटलीत मिळणारी काकवी अनेकदा गूळ पुन्हा पाण्यात विरघळवून केलेली असते. तिला कढलेल्या साखरेसारखा एकसुरी वास येतो. येथील काकवी थेट काहिलीतून उतरवलेली आहे. ती मधापेक्षा थोडी पातळ, तांबडी आणि पारदर्शक असते. तिच्यात उसाचा हिरवट वास शिल्लक असतो आणि आंबूसपणाची एक अगदी हलकी रेघ असते, जी गोडी तोंडात जड होऊ देत नाही. थंडीत बाटलीच्या तळाशी खडे धरतात. त्याला घाबरू नये, बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते विरघळतात. मात्र पावसाळ्यात एकदा उघडलेली बाटली बाहेर ठेवली तर काकवी फसफसते, आणि ही सूचना बाटलीवर छापलेली नाही. ती छापली पाहिजे.

गूळ पावडरीबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. चहाला सोयीची, कोरडी, बरी. चौकोनी वड्यांबद्दल मात्र मी समाधानी नाही. आल्याची वडी चांगली आहे, कारण ताजे आले किसून पाकात घातल्याची चव तिच्यात येते आणि खोकल्याच्या दिवसांत ती घरात हवीशी वाटते. वेलचीची वडीही चालेल. चॉकलेटची वडी कोणासाठी केली आहे ते मला समजले नाही. ज्या घराने इतक्या कष्टाने भेंडीच्या गुळाची चव परत आणली, त्याच घराने ती कोकोखाली झाकावी, याचे वाईट वाटते. शहरातून येणारी मुले तीच मागतात, असे या घरातल्या वहिनी म्हणाल्या. मुलांना काहिलीतला गरम गूळ उसाच्या कांडीवर गुंडाळून दिला तर ती चॉकलेट मागणार नाहीत, आणि तो तर येथे फुकट मिळतो.

दुकानाच्या पाटीबद्दलही ठामपणे लिहिणे आवश्यक आहे. विक्रीच्या टेबलामागे ‘मधुमेहींनाही चालणारा गूळ’ असा फलक लावला आहे. हे चूक आहे आणि धोक्याचे आहे. भेंडीने शुद्ध केला काय किंवा हायड्रॉसने, गुळाचा सर्वांत मोठा घटक साखरच असतो आणि तो रक्तातली साखर वाढवतोच. गुळात लोह आणि इतर खनिजे असतात हे खरे, पण त्या बळावर मधुमेह असलेल्या माणसाने वाटीभर काकवी घ्यावी असे कोणीही सुचवू नये. मी हे मालकांना सांगितले. फलक छापणाऱ्याने दुसऱ्या कोणाच्या तरी गुळाचा मजकूर उतरवला, असे त्यांचे उत्तर होते. उत्तर प्रामाणिक वाटले, तरी फलक उतरेपर्यंत ही गोष्ट या गुऱ्हाळाच्या खात्यावर राहीलच.

याउलट ‘सेंद्रिय’ हा शब्द त्यांनी कोठेही वापरलेला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वेष्टनावर ‘रसायनांशिवाय शुद्ध केलेला गूळ’ असे आहे, आणि विचारल्यास ते स्पष्ट सांगतात की उसाला रासायनिक खत दिले जाते, फक्त प्रमाणात आणि वेळेवर. सेंद्रिय म्हणायचे तर रानाचे प्रमाणीकरण लागते, ते झालेले नाही, म्हणून शब्दही नाही. या जिल्ह्यात रस्त्याकडेच्या प्रत्येक दुसऱ्या गुळावर ‘सेंद्रिय’ छापलेले असताना ही सचोटी ग्राहकाने लक्षात ठेवावी. त्यांनी याच सचोटीने वेष्टनावर आणखी दोन गोष्टी लिहाव्यात: आधणाची तारीख आणि कोणत्या रानाचा ऊस. आत्ता दोन्ही रानांच्या ढेपा एकाच रकान्यात, एकाच वेष्टनात विकल्या जातात, आणि माळाकडची हवी असेल तर वहिनींना विचारून घ्यावी लागते. दोन चवी इतक्या वेगळ्या असताना त्या एकत्र करणे म्हणजे स्वतःचेच काम कमी लेखणे आहे.

जागेची सोय साधी आहे. गाडी लावायला खळे मोठे आहे, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची व्यवस्था नीट आहे. रस घेण्यासाठी धुतलेले पेले असतात. आल्या माणसाला रस दिल्याशिवाय पाठवायचे नाही, ही गुऱ्हाळाची जुनी रीत येथे पाळली जाते, आणि त्याचे पैसे मागत नाहीत. काहिलीवर मधमाश्या आणि गांधीलमाश्या येतात, ते टाळता येत नाही, पण वाफ्यात गार होणाऱ्या गुळावर जाळी टाकता येईल. ती मी गेले तेव्हा कधी होती, कधी नव्हती. गुऱ्हाळघराचा कौलारू माळा उंच असल्यामुळे धूर वर निघून जातो, तरीही चुलवाणाच्या तोंडाशी बसणाऱ्या माणसाला दिवसभर आच आणि धूर सोसावा लागतो. त्याच्यासाठी पाळ्या लावल्या आहेत आणि हातमोजे ठेवले आहेत. पायांत मात्र सगळे साध्या चपला घालूनच वावरतात. उकळत्या पाकाचा शिंतोडा उडाला तर काय होते हे ज्यांनी पाहिले आहे ते बुटांचा आग्रह धरतील, आणि मीही धरते. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी काहिलीच्या कडेला आखलेल्या पांढऱ्या रेघेच्या आत मुलांना जाऊ देऊ नये. आधण उतरवताना माणसे ती जड काहील यारीला (वजन उचलण्याच्या यंत्राला) लावून ओढतात, तेव्हा बाजूला होण्याइतका वेळ कोणालाच नसतो.

घरपोच सेवेचा अनुभव कच्चा आहे. सांगली, मिरज आणि कराडमध्ये ढेप दोन दिवसांत येते आणि नीट येते. पुण्यातल्या नातेवाइकांना पाठवलेली काकवी झाकणातून पाझरली होती. बाटली प्लॅस्टिकची आणि झाकण पातळ. तक्रार करताच त्यांनी दुसरी बाटली पाठवली, पण तिलाही तेच झाकण होते. काचेची बाटली आणि घट्ट झाकण यांचा खर्च ग्राहक देतील असे मला वाटते. मी तरी देईन. ढेपांचे आकार एक आणि पाच किलोचे आहेत. तीस किलोचा पूर्वीचा रवा (मोठी ढेप) मागणीवरूनच करतात. दोन-तीन माणसांच्या घरासाठी अर्धा किलोची ढेप असायला हवी, कारण पावसाळ्यात फोडलेली ढेप हवेतले पाणी ओढून घेते आणि पाझरू लागते. तोवर घरी आणल्यावर ढेप फोडून, कोरड्या स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकून ठेवावी.

तात्यांच्या हाताखाली सध्या दोन तरुण काम शिकत आहेत. त्यांतला एक मालकांच्या घरातला, दुसरा गावातलाच. चुना आणि भेंडी यांचे प्रमाण तात्या त्यांना तोंडाने सांगत नाहीत. आधी करू देतात, मग चाखून ‘कमी पडलं’ किंवा ‘बास’ एवढेच म्हणतात. गेल्या हंगामाच्या अखेरीस एक पूर्ण आधण त्या मुलांनी एकट्याने उतरवले, आणि ती ढेप मी मुद्दाम मागून घेतली. कणी थोडी भरड होती आणि मळी अजून स्वच्छ निघायला हवी होती, पण गूळ घट्ट बसला होता आणि चव याच घरची होती. तात्यांच्या आणि मुलांच्या ढेपा त्यांनी एकाच दराने विकू नयेत. मुलांची ढेप थोडी स्वस्त द्यावी आणि तिच्यावर तसे लिहावे. ग्राहकही मग शिकणाऱ्या हाताला थेट आधार देऊ शकेल.

जाणाऱ्यांनी शक्यतो पौष-माघात जावे. तेव्हा ऊस पक्व झालेला असतो आणि थंडीत गूळ चांगला बसतो. आधण पहाटे लागते, त्यामुळे पहिली काहील उतरताना पाहायची असेल तर सकाळी आठच्या आत पोहोचलेले बरे. दुपारी चारनंतर नवे आधण लावत नाहीत. संक्रांतीसाठीची ढेप मार्गशीर्षातच सांगून ठेवावी लागते, आणि माळाकडच्या रानाची हवी असेल तर तसे स्पष्ट सांगावे.